बाबांच्या देहावर माझी सही

६ जुलै, रविवार

आई एकदा म्हणाली होती, "तुले काहीच सोडता येत नाही तृप्ती, उतरलेला ताप बी तू सोडत नाही." मी चौथीत होते. ताप उतरून दोन दिवस झाले तरी अंथरूण सोडत नव्हते, त्यावरून. आई जाऊनही आता बरीच वर्षे झाली. हे वाक्य मी केव्हाच सोडून दिले आहे. आज फक्त आठवले.

गुरुवारपासून वर्षावास, पावसाळ्यातला साधनेचा काळ. तीन महिने. या वेळी पक्के ठरले आहे. पहाटे उठून आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासाकडे नुसते पाहणे. सकाळी फोन नाही. पौर्णिमेला अष्टशील, दुपारनंतर जेवण नाही. आणि या वहीत 'मी' हा शब्द कमीत कमी. मी तसे ठरवले आहे.

दर पौर्णिमेचे प्रवचन माझ्याकडे आले आहे. विहार समितीचे सचिव धनीरामजी विचारत होते कोण बोलेल, तेव्हा मी हात वर केला नाही. डोक्यावरचा पदर सारखा करायला वर गेला होता, तो खाली घेतला नाही एवढेच.

तशी माझी तयारी आहे. विमा ऑफिसात मी मृत्यूदाव्यांच्या टेबलावर बसते. मृत्यूशी माझा रोजचा संबंध, साडेदहा ते साडेपाच. शिवाय दोन वर्षांपूर्वी दहा दिवसांचे ध्यान शिबिर केले. सहाव्या दिवशी मुलीला, रुचिताला, ताप आला म्हणून परत यावे लागले, पण तत्त्वतः दहा दिवसच.

बाबा परवा आसगावहून येत आहेत. शेत बटईने दिले आहे, घरी एकटेच असतात. वर्षावासभर इथे साकोलीला राहतील. त्यांना साधनेची गोडी लावायची. या वयात माणसाची तयारी असावी.


१० जुलै, गुरुवार. आषाढ पौर्णिमा

प्रवचन फार छान झाले. विषय अनात्म.

मी म्हटले, आपण साकोलीहून भंडाऱ्याला बसने जातो. खिडकीची सीट मिळाली की खूश होतो. भंडारा आले की उतरतो. बस घरी नेतो का? शरीराचे तसेच आहे. ते 'मी' नाही, 'माझे' तर नाहीच. मंगलाबाई म्हणाल्या, अन् गाडी मधातच फेल झाली तं? सगळे हसले. प्रश्न चांगला आहे म्हणून सांगितले आणि वेळ संपल्याचे जाहीर केले.

बाबा पहिल्या रांगेत. एकदाही डुलकी नाही. गोडी लागते आहे.

संध्याकाळी भूक लागली. शिबिरात शिकवल्याप्रमाणे मनात 'भूक, भूक' अशी नोंद घेतली. नोंद घेत घेत स्वयंपाकघरात गेले. गूळपाणी चालते. गुळाला शेंगदाणे लागलेले होते, ते आधीपासूनच होते.


११ जुलै, शुक्रवार. सकाळी

पहाटेचे ध्यान राहिले. काल थकवा होता.

चहा घेताना बाबांनी सांगितले की ते देहदान करणार आहेत. नागपूरच्या मेडिकल कॉलेजला. धनीरामजींकडे फॉर्म असतात, रात्रीच मागून आणला. त्यांची सही झाली आहे. खाली एका ओळीवर मुलाची किंवा मुलीची संमती लागते.

मी म्हटले, बाबा, एवढे अचानक? तर म्हणाले, "अचानक कायचं? तूच तं सांगतलं, बस घरी आनाची नसते."

अश्वजित पेपरामागे हसत होता. नवरा म्हणून चांगला आहे, पण श्रोता म्हणून नाही.

पुण्याला भावाला फोन केला. तो म्हणाला, ताई, तू म्हणशील ते. लहानपणापासून हेच म्हणतो आणि मग त्याच्या मनासारखे होते.

माझी अर्थातच हरकत नाही. माझ्याच विचारांचा विजय आहे. फक्त घाई नको. फॉर्म तांदळाच्या डब्याखाली ठेवला. तिथे सपाट राहील.


१५ जुलै, मंगळवार

सही आज करणार होते. पण कोणताही निर्णय समतेने व्हावा. समता म्हणजे मन इकडेही नाही, तिकडेही नाही. सकाळी तपासले, मन तिकडे होते. उद्या बघू.

ऑफिसात आंधळगावची एक बाई आली. नवरा जाऊन महिना झाला, कागदावर त्याची एक सही राहून गेलेली. तिला मी शांतपणे समजावले की माणसाने अशा गोष्टी वेळेवर करून ठेवायच्या असतात, मागच्यांना त्रास होतो. तिने मान डोलावली. किती जण असे निष्काळजी असतात.


१८ जुलै, शुक्रवार

लंच टाइममध्ये त्या कॉलेजला फोन केला. आमच्या एका ग्राहकाला माहिती हवी आहे, असे सांगितले. पलीकडचा माणूस बरा होता. म्हणाला, डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि लगेच निघायचे. जितका उशीर तितका देह कामातून जातो. अस्थी वगैरे परत मिळत नाहीत. मी विचारले, ग्राहकाच्या घरच्यांना थोडा वेळ मिळतो का? तो म्हणाला, मॅडम, तुमचे पेशंट कोण आहेत?

फोन कट झाला. म्हणजे मीच केला.


२७ जुलै, रविवार

पंधरा दिवसांत ध्यान चार वेळा. त्यातल्या एकदा झोप लागली, पण बसून लागली.

बाबा सकाळ-संध्याकाळ विचारतात, केली का सही. मी म्हणते, करते ना बाबा. काल म्हणाले, "चाळीस वर्सं टपाल वाटलं मी. एवढ्या दिवसांत तं मुंबईचं पत्र येऊन उत्तर बी जात होतं."

रुचिता मेडिकलच्या 'नीट' परीक्षेची तयारी करते आहे. ती आजोबांच्या बाजूने. म्हणे, आबाजी, डॉक्टर लोक शिकतात ते अशाच बॉडीवर. बॉडी म्हणाली. मी ताट आपटले नाही, ते हातातून सुटले. मग तीच म्हणाली, "पण आबाजी, माझ्याच कॉलेजला आले तं मी काय करू?" बाबा म्हणाले, "काय करशील, जय भीम करजो अन् लाग कामाले." दोघे किती वेळ हसत होते.

अश्वजित मला बाजूला घेऊन म्हणाला, तुला करायची नसेल तर नाही म्हणून टाक ना, मामाजी, म्हणजे बाबा, समजून घेतील. मी त्याला समजावले की प्रश्न माझा नाहीच. मुळात 'मी' असे काही नसतेच, तर नको कोणाला असेल? तो म्हणाला, मग सही कोणाची अडली आहे? अशा वादाने मनःशांती जाते म्हणून मी कपडे वाळत घालायला गेले. पाऊस होता. आत आणले.


९ ऑगस्ट, शनिवार. श्रावण पौर्णिमा

आजचा विषय मरणसती. मरणाचे रोज स्मरण. मी सांगितले की मरण घटकाभरही लांब नाही असे समजून वागावे, कामे उद्यावर टाकू नयेत. बाबा मागे वळून सगळ्यांकडे पाहत होते. मग उठून उभे राहिले आणि स्वतःच्या देहदानाची घोषणा करून टाकली. टाळ्या. मंगलाबाई म्हणाल्या, धन्य ते बाप-लेक.

आता सही लगेच करावी लागली असती. पण मला तिथल्या तिथे सुचले. मी म्हटले, एवढी मोठी गोष्ट अशी चुपचाप पोस्टाने जाऊ नये. वर्षावास समाप्तीला बाबांचा सत्कार ठेवू, फॉर्म सगळ्यांसमोर देऊ. धनीरामजींना पटले. बाबांना तर फारच पटले. शाल कोणत्या रंगाची असते, असे विचारत होते.

म्हणजे ऑक्टोबरपर्यंत सुटका. सुटका नव्हे, सवड. तोवर बाबांचा उत्साह आपोआप मावळेल. सगळे अनित्य आहे.

संध्याकाळी गूळपाणी. दोन वेळा.


१७ ऑगस्ट, रविवार

सत्काराची बातमी पसरली. आणखी सहा म्हाताऱ्यांनी धनीरामजींकडून फॉर्म नेले. शाल सगळ्यांनाच मिळणार का, अशी चौकशी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'देहदान संकल्प, साकोली' असा ग्रुप निघाला. ॲडमिन मी. मला विचारले नाही. ज्यांची मुले सही द्यायला तयार नाहीत त्यांची समजूत घालायचे कामही माझ्याकडे. धनीरामजी म्हणाले, ताई, हे तुमच्याशिवाय कोणाले जमन?

नाही म्हणता आले असते. पण 'नाही' म्हणणे हाही अहंकारच.


३१ ऑगस्ट, रविवार

आज मंगलाबाईंकडे गेले. त्यांचा मुलगा राजकुमार, हायवेवर टायर पंक्चरचे दुकान आहे. सही द्यायला तयार नव्हता. हात काळे, डोळे लाल. म्हणाला, "ताई, मी मायचे पाय दाबतो रोज. थे पाय कोनी कापन?"

मी त्याच्याशी तासभर बोलले. म्हटले, राजकुमार, पाय आईचे नाहीत. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान, या पाच गोष्टींची मोळी आहे. मोळी सुटली की लाकडे. तू कशाला धरून बसला आहेस? आईला की आपल्या सवयीला? तो रडला. मंगलाबाई म्हणाल्या, पोट्ट्या, ताई शिकलेली आहे, ऐक. त्याने हात पुसून सही केली. काळा अंगठा कागदाला लागला.

मी इतकी चांगली बोलले की मलाच आश्चर्य वाटले. शेजारच्या कुंताबाईंना सांगितले, तर त्या म्हणाल्या, आमच्यात तर अस्थी नेल्याशिवाय चैन पडत नाही बाई, तुमचं कसं मोकळं आहे. मी म्हटले, हो, आमचे मोकळे आहे.

घरी आल्यावर फार हलके वाटत होते. जेवले नाही. फॉर्म तांदळाच्या डब्याखालून काढला आणि साड्यांच्या कपाटात ठेवला. तांदळाला किडे लागले आहेत.


१४ सप्टेंबर, रविवार. दुपारी

भंडाऱ्याच्या दवाखान्यात. सकाळी बाबा अंघोळीहून आले आणि दारातच बसले. घाम. अश्वजितने गाडी काढली. रस्त्यात मला काही आठवले नाही, श्वासही नाही, अनित्यही नाही. बाबांची चप्पल घरी राहिली एवढेच डोक्यात होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकले आहे. आता धोका नाही, पण वयाने जे व्हायचे ते सुरू झाले आहे.

बाबा झोपले आहेत. मी स्टुलावर. चादर वर जाते, खाली येते. वर जाते, खाली येते. एकदा मध्ये जरा थांबली, तेव्हा मी उठून उभी राहिले.

आनापान आज पहिल्यांदा नीट झाले. मन एकदाही कुठे गेले नाही. श्वास बाबांचा होता, पण तेवढे चालावे.


१६ सप्टेंबर, मंगळवार

बाबा घरी आले. खिचडी खाल्ली. मग विचारले, सही केली का. मी म्हटले, समाप्तीला सगळ्यांसमोर करायची ठरली आहे ना, आता तोवर थांबू. म्हणाले, "मी थांबतो बाई. हे थांबते का, ते पाह्य," आणि छातीवर हात ठेवला. विनोद होता. त्यांना वाटला.

मग म्हणाले, काहून टाळून राहिली? मी म्हटले, टाळत नाही. ते बरे म्हणाले आणि भिंतीकडे वळून झोपले.

संध्याकाळच्या ध्यानाला बसले नाही. या महिन्यापुरते ध्यान स्थगित. सेवा हेही ध्यानच.


२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

अश्वजित आणि रुचिता नागपूरला दीक्षाभूमीवर गेले. बाबांना गर्दी झेपणार नाही म्हणून आम्ही दोघे घरी. बाबांनी पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला. सत्काराला हाच. कॉलर नीट बसली का ते दोनदा दाखवले.

मी ठरवले आहे, उद्या सही.


५ ऑक्टोबर, रविवार

विहारात फॉर्मची छाननी होती. धनीरामजी चष्मा लावून एकेक पाहत होते. सहा पूर्ण. सातवा बाबांचा, साड्यांच्या कपाटातून आणलेला. ते थांबले. कागद उलटा करून पाहिला, जणू सही मागच्या बाजूला असेल. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचाच राहिला."

पंखा फिरत होता. सगळे पंख्याकडे पाहत होते.

मी काही बोलण्याआधी बाबा म्हणाले, "माहीच चूक आहे. मीच लपवून ठेवला होता, चुकून दुसऱ्याच ओळीवर सही नको व्हाले म्हणून." कोणी खरे मानले नाही, पण सगळ्यांनी मान डोलावली. राजकुमार सतरंजी झटकत होता. तो माझ्याकडे पाहत होता. बोलला असता तर बरे झाले असते.

येताना बाबा हळू चालत होते, मीही. मी म्हटले, बाबा, माझा विरोध नाही, तत्त्व मला मान्यच आहे. ते म्हणाले, "तत्त्व राहू दे वं. तुले का वाटलं, मी तुयं प्रवचन आयकून फॉर्म भरला?"

मला तसेच वाटले होते.

मग उड्डाणपुलाखालच्या कठड्यावर बसून त्यांनी सांगितले. आई गेली तेव्हा आसगावला पाऊस. लाकडे ओली. दोनदा रॉकेल टाकले तरी चिता नीट धरेना. बाया आधीच परतल्या, मी नाही. छत्रीही मी नको म्हटली. दुपारपासून अंधार पडेपर्यंत तिथेच उभी. बाबा म्हणाले, "मी तुयी माय नाही पाहिली त्या दिवशी. तुलेच पाहत होतो. माह्या पाळीले तुले तसं उभं नाही कराचं मले. गाडी येईन, घेऊन जाईन. झालं."

मला त्या दिवसाचे एवढेच आठवते की मी शांत होते. लोक म्हणाले होते, तृप्ती किती खंबीर. तेव्हापासून मला वाटत आले की मला हे जमते.

मी म्हटले, बाबा, मग आधी का नाही सांगितले? म्हणाले, तू एवढ्या खुशीत बस सांगून राहिली होती.


७ ऑक्टोबर, मंगळवार. आश्विन पौर्णिमा

सकाळी ओट्याशी उभी राहून सही केली. चहा उतू गेला, पण सही नीट आली. ऑफिसात दिवसभर करते तीच. कोणालाही कळणार नाही की ही वेगळी आहे. बाबांनी कागद दूर धरून पाहिला आणि म्हणाले, अक्षर तुया मायवानी आहे.

सत्कार झाला. शाल निळी. फोटोत बाबांनी पोट आत घेतले आहे. धनीरामजींनी भाषणात मला आदर्श कन्या म्हटले. मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी उठले. पंचस्कंध, अनात्म, सगळे तोंडाशी होते. मग म्हटले, सगळ्यांनी जेवून जा, आणि बसले. राजकुमारने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. नंतर वाढताना त्याने माझ्या पानात भाजी जास्त टाकली. आज अष्टशील पाळले नाही, नियोजनातही नव्हते.

वर्षावास संपला. हिशेब मांडत नाही. जेवढी ध्याने झाली त्यांत दवाखान्यातले एकच खरे असावे, आणि तेही ध्यान होते की भीती, हे मला सांगता येणार नाही.

उद्या सकाळी अश्वजित बाबांना आसगावला सोडायला जाईल. हलके, लवकर येणारे धान कापणीला आले आहे, बटईवाल्यावर त्यांचा भरवसा नाही. राहा म्हटले तर राहणार नाहीत. ते एकदा मागून पाहिले.

बाबा आत शाल घडी करत आहेत. घडी मोडतात, पुन्हा करतात. त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट मागायची आहे. मागे वळून विचारायचा धीर होत नाही, म्हणून आधी इथे लिहून पाहते. काय म्हणतील ते माहीत आहे. म्हणतील, मंग त्या देहाचा त्या पोरायले काय उपेग, अन् सही कायले केली. मेडिकलवालाही तेच म्हणाला होता. रुचिताही तेच म्हणेल. सगळे बरोबर असतील.

तरी, बाबा, गाडी लगेच बोलावू नका म्हणून सांगून ठेवा. एक रात्र घरी राहा. मी रडणार नाही, कोणाला काही समजावणार नाही, नुसती तुमच्याजवळ बसेन. पाऊस असला तर खिडकी लावून घेईन. एकच रात्र, बाबा.